नऊ ते अकराची नोंद

खाली माणूस मरून पडला होता आणि जमलेल्यांतली निम्मी माणसं मान वर करून बघत होती.

फौजदारबाईंचं डोकं तिथेच फिरलं. मंगळवारची सकाळ, दहा वाजून पाच मिनिटं. पिठाच्या एका बंद गिरणीचं आवार. मधोमध धान्याचं सिमेंटचं कोठार, चौदा मजल्यांइतकं उंच. कोठाराच्या मागच्या अंगाला बाहेरून लोखंडी जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी चादरीखाली एक म्हातारा माणूस.

“वर काय लागून गेलंय एवढं?” त्यांनी हवालदाराला विचारलं.

“ससाणे, मॅडम. बहिरी ससाणे. पुढच्या बाजूला वरच्या कठड्यावर अंडी घातलीत त्यांनी. रस्त्यापलीकडच्या इमारतीत गच्चीवरची खोली घेऊन काही मंडळी दिवसभर दुर्बिणीतून बघत बसतात. हे मास्तर त्यांच्यातलेच. गणित शिकवायचे, आता रिटायर झालेले.”

बाईंनी चादर उचलून चेहरा पाहिला आणि परत झाकला. मग गुडघ्यांना शिव्या देत त्या जिना चढल्या. आठव्या टप्प्यावर मास्तरांची टोपी पडली होती. तिथला कठडा एका बाजूने गंजून गळून गेला होता आणि त्या रिकाम्या जागी कुणीतरी कधीकाळी जाड दोरी बांधली होती. आता दोरीचं एक टोक खाली लोंबत होतं. दोरी तुटलेली नव्हती. कापलेलीही नव्हती. गाठ उकललेली होती, दोन्ही हातांनी, सवडीने.

“हा अपघात नाही,” बाई म्हणाल्या. “मास्तर इथे टेकायच्या आधीच कुणीतरी येऊन ही गाठ सोडून गेलंय.”

बाई खाली उतरल्या तेव्हा गिरणीचा रखवालदार पायथ्याशी उभा होता. सव्वानऊला त्याने फेरी मारली तेव्हा जिन्याखाली काही नव्हतं. पावणेदहाला परत आला तर हे.

“त्या वेळात आवारात कोण होतं?”

“नऊच्या सुमारास कबुतरवाला दिसला होता, मॅडम. शेजारच्या गच्चीवर कबुतरं पाळतो तो म्हातारा. भिंतीच्या खिंडारातून येतो, सांडलेले दाणे गोळा करतो. रोजचंच आहे त्याचं.”

“मास्तरांशी त्याचं काही वाकडं?”

“काल संध्याकाळीच भर रस्त्यात भांडला. तुमच्या ससाण्यांनी माझी सतरा कबुतरं खाल्ली, म्हणाला. एक दिवस तुम्हा सगळ्यांना वर पाठवतो, म्हणाला. दहा जणांनी ऐकलं.”

हवालदाराने बाईंकडे पाहिलं. त्याच्या लेखी केस संपली होती.

*

गच्चीवरच्या खोलीत पोचायला त्यांना पावणेअकरा झाले. खोली कसली, पाण्याच्या टाकीशेजारची अडगळ. एक टेबल, दोन खुर्च्या, तिपाईवर दुर्बीण, खिळ्याला मास्तरांचा कॅमेरा लटकवलेला. दुर्बिणीला डोळा लावून एक सडसडीत, पांढऱ्या दाढीचा माणूस बसला होता. सगळं शहर त्याला प्रोफेसर म्हणायचं. बहिरी ससाण्यांवरचा त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

“जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय,” तो न वळता म्हणाला.

“खाली तुमचा मित्र मरून पडलाय.”

“कळलं मला. रखवालदार ओरडत होता.”

“आणि तुम्ही खाली उतरला नाहीत?”

“माझी पाळी अकरापर्यंत आहे, मॅडम. काहीही होवो, पाळी सोडायची नाही. नियम मीच घातलाय, मीच कसा मोडू?” त्याने दुर्बिणीचं भिंग जरासं फिरवलं. “बावीस वर्षांचा स्नेह होता आमचा.”

“विणीच्या हंगामात कोठारावर जायचं नाही असा पण नियम आहे म्हणे.”

“आहे. पक्षी बिथरतात. अंडी सोडून जातात.”

“मग मास्तर का गेले?”

“तेच तर मलाही कळत नाहीये.”

“नऊपासून तुम्ही इथून हललात?”

प्रोफेसराने टेबलावरची जाडजूड वही बाईंपुढे सरकवली. पानांवर छापील क्रमांक, लिहिलेलं सगळं शाईत, कुठे खाडाखोड नाही. दर दहा मिनिटांनी एक ओळ. ९.००, मादी बसलेली. ९.१०, मादी बसलेली. ९.२०, मादी बसलेली. बारा ओळी, एकाच वळणाच्या, सरळ. बाईंनी सवयीने पानाचा फोटो काढून ठेवला आणि खिडकीतून पाहिलं. गिरणीचा मागचा जिना इथून दिसत नव्हता.

“दर दहा मिनिटांना? कंटाळा नाही येत?”

“आम्हाला नाही येत,” प्रोफेसर म्हणाला.

अकराच्या ठोक्याला पुढच्या पाळीची बाई आली. टपालखात्यात पत्रं वाटायची. आठवडाभर रजा काढून ससाण्यांपायी इथे बसायची. खाली काय झालंय ते तिने पाहिलं होतं. तिचे डोळे सुजले होते. तरी खुर्चीत बसताच तिने दुर्बिणीला डोळा लावला आणि वहीत लिहिलं: ११.००, नर बसलेला.

“आत्ताच बदली झाली,” प्रोफेसर पटकन म्हणाला. मग थोडं थांबून, “तू येताना मादी दिसली का गं कुठे? पाण्याच्या टाकीवर वगैरे?”

“नाही सर.”

“तुम्हाला, मॅडम? वर जिन्यावर होतात तेव्हा? मोठा पक्षी, छाती पट्ट्यापट्ट्यांची.”

बाईंना त्याचा राग आला. मित्राचं प्रेत अजून उचललं नव्हतं आणि ह्याला पक्ष्याची पडली होती.

*

कबुतरवाल्याला दुपारी धरलं. सत्तरीचा माणूस, हाडाचा सापळा. दोन वाक्यं बोलला की दम लागायचा. नुसता श्वास घेतला तरी छातीत घरघर व्हायची.

“नऊ वाजता गिरणीच्या आवारात होतात?”

“होतो. दाणे वेचत.”

“जिना चढलात?”

“मी? आमच्या गच्चीचे दोन मजले चढायला मला अर्धा तास लागतो, मॅडम.”

“मास्तरांना वर पाठवतो म्हणालात.”

“रागात माणूस काय काय बोलतो.” तो खोकत सुटला. खोकला थांबल्यावर त्याने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं, आणि मुलीने लगेच नजर खाली घातली. बाईंनी ते टिपलं. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. फक्त कुठे, ते कळायला दोन दिवस उशीर झाला.

मुलगी तिशीची. बर्फाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिने बापाच्या औषधांची पिशवी हवालदाराच्या हातात दिली.

“कबुतरांच्या धुळीनं फुप्फुसं गेलीत त्यांची. हा पंप दिवसातून चार वेळा. रात्री पाठीशी दोन उशा लागतात, आडवं झोपता येत नाही. तुमच्या कोठडीत उशी मिळते का?”

“बघू,” हवालदार म्हणाला.

“बघू नका, द्या. डॉक्टरांनी सांगितलंय, अशी एक रात्र जरी काढली तरी जीव जाईल.”

वरिष्ठांचा फोन आलाच होता. धमकी आहे, साक्षीदार आहे, माणूस आवारात होता. उगाच घोळ घालू नका. बाईंनी उशी दिली, पंपही दिला. कोठडी मात्र त्यांना टाळता आली नाही. बुधवार गेला. गुरुवारी पहाटे म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले आणि त्याला पहाऱ्यात सरकारी इस्पितळात हलवलं. डॉक्टर म्हणाले, घरचं माणूस जवळ असेल तर बरं. नियमात बसत नव्हतं. बाईंनी ते बसवलं.

*

गुरुवारी सकाळी बाई एकट्याच गच्चीवरच्या खोलीत आल्या. टपालवाली पाळीवर होती.

“मला ही वही वाचायला शिकव,” बाई म्हणाल्या.

“त्यात काय शिकवायचं, मॅडम?”

“नर आणि मादी तुम्हाला एवढ्या लांबून कळतात कसे?”

“अहो, सोपं आहे. मादी चांगली दीडपट मोठी. ती बसली की चारही अंडी पोटाखाली जातात, एकही दिसत नाही. नर बिचारा लहान. एक अंडं बाहेर राहतंच. मग ते आत घेतो, की दुसरीकडून दुसरं बाहेर. सारखी चुळबुळ.” ती ओशाळली. “सुरुवातीला मी नुसतंच ‘पक्षी बसलेला’ लिहायची. प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर अशी हजेरी घेतली माझी, मी रडले होते. नर की मादी ओळखता येत नसेल तर घरी बसून चिमण्या मोजा, म्हणाले.”

“नऊ ते अकरा नेहमी मादीच असते?”

बाईंनी मागची पानं उलटली. टपालवालीने सांगायची गरजच नव्हती. सव्वीस दिवस. सकाळी नऊपासून अकरापर्यंत मादी, अकराला नर येऊन तिला उठवणार. घड्याळ लावून घ्यावं असा जोडीचा संसार.

“सकाळी नऊच्या आधी इथे कुणी असतं का?”

“नाही. पहिली पाळी नऊची.”

“आणि मंगळवारनंतर?”

टपालवालीचा चेहरा उतरला. “मंगळवारनंतर मादी कुणालाच दिसली नाहीये. पोलिसांच्या गर्दीनं बिथरली असेल, असं प्रोफेसर म्हणतात. रोज सकाळी फोन करून विचारतात, आली का, आली का. नर एकटाच बसतोय. शिकारीला गेला की अंडी उघडी पडतात. काल बावीस मिनिटं उघडी होती.” तिने नाक पुसलं. “गेली असतील आता ती.”

सोमवारच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं. सबंध वहीत पेन्सिल तेवढी एकाच ठिकाणी होती. “पायातली पट्टी. प्रोफेसर उद्या सगळ्यांना सांगतील.”

“हे कुणाचं?”

“मास्तरांचं अक्षर आहे. पट्टी म्हणजे मादीच्या पायात धातूची असते, नंबर कोरलेली. प्रोफेसरांनीच घातलेली, अकरा वर्षांपूर्वी. हीच मादी अकरा वर्षं इथं येतेय. जगात कुणाकडे एवढी सलग नोंद नाही म्हणतात. पुढच्या महिन्यात त्यांच्या नावानं अभ्यासकेंद्र निघतंय ना!”

“मास्तरांनी त्या पट्टीचा फोटो काढला होता का?”

“पहाटे लवकर येऊन काढत होते खरे. कॅमेरा तो काय, खिळ्याला आहे.”

कॅमेरा होता. आतलं कार्ड नव्हतं.

बाई बराच वेळ दुर्बिणीजवळ बसून राहिल्या. कठड्यावर एक लहानसा करडा पक्षी पंख सैल सोडून बसला होता आणि त्याच्या कुशीतून एक तांबूस अंडं बाहेर आलं होतं. त्याने चोचीने ते आत ओढलं. दुसऱ्या बाजूने दुसरं बाहेर आलं. बाईंना पक्ष्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं, पण त्यांच्याने पुढे बघवेना.

मग त्या उठून शेजारच्या इमारतीत गेल्या.

*

कबुतरवाल्याची गच्ची लख्ख धुतलेली होती. जरा जास्तच लख्ख. बाप इस्पितळात आणि मुलगी गच्ची धुतेय, हे बाईंना रुचलं नाही. खुराड्याच्या जाळीत, वरच्या कोपऱ्यात, धुणाऱ्याचा हात पोचला नव्हता. तिथे एक लांब, काळपट पीस अडकलं होतं. कबुतराचं एवढं मोठं पीस नसतं.

मुलगी इस्पितळातून डबा न्यायला घरी आली होती. बाईंनी ते पीस तिच्यापुढे धरलं.

“पक्षी कुठाय?”

“कुठला पक्षी?”

“हे बघ पोरी, मला फिरवू नकोस. मी थकलेय आणि तुझा बाप मरायला टेकलाय. पक्षी कुठाय?”

ती खाली बसली. आणि एकदम सगळं बोलून गेली.

“बाबांनी एका कबुतराचे पंख कापले आणि त्याच्या मानेला कीटकनाशक चोपडलं. मंगळवारी पहाटे ते गच्चीच्या कठड्यावर सोडलं. मला आधी माहीत असतं तर मी करूच दिलं नसतं. ती आली, उचललं, टाकीवर बसून खाल्लं. थोड्या वेळानं इथं गच्चीतच येऊन पडली. पंख फडफडवत होती. बाबा म्हणाले, उचल आणि कुणाला दाखवू नकोस. कचऱ्यात टाकावी तर कुत्री बाहेर काढतील, आणि त्या पक्ष्याच्या मागं अख्खं शहर दुर्बिणी लावून बसलंय.”

“मग?”

“डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेली. बर्फाच्या खोलीत मागं ठेवलीय. परत आले तर मास्तर गेल्याचं कळलं, आणि मग बाबांना नेलं. वाटलं, पक्षी सापडला तर बाबांच्या वैराचा पुरावाच मिळेल तुम्हाला.”

“ती पडली किती वाजता?”

“साडेसात.”

“नीट आठव.”

“साडेसातच. माझी आठची पाळी असते. हजेरीच्या यंत्रात आठ-चारला ठसा आहे माझा. बर्फाच्या खोलीच्या मुकादमानं विचारलंही, काय आणलंस म्हणून. मासे म्हटलं.”

बाईंनी पुन्हा विचारलं. तिने तिसऱ्यांदाही साडेसातच सांगितलं. बाईंना क्षणभर तिला छातीशी धरावंसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

*

शुक्रवारी सकाळी दहाला गच्चीवरच्या खोलीत चौघे होते. प्रोफेसर खुर्चीत, टपालवाली दुर्बिणीपाशी, हवालदार दाराशी आणि बाई उभ्या.

“मादीचा काही पत्ता?” प्रोफेसराने आल्या आल्या विचारलं.

“त्याकडेच येते. मंगळवारी नऊ ते अकरा कठड्यावर कोण बसलं होतं?”

“वहीत आहे. मादी.”

“तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत?”

“अर्थात.”

“मी पक्ष्यांतलं काही जाणत नाही. तुमची चूक झाली असेल का? वय झालंय, सकाळचं ऊन समोरून येतं. नर असेल आणि तुम्हाला मादी वाटली असेल.”

बाईंनी मुद्दाम दार उघडून दिलं होतं. चूक झाली, एवढे दोनच शब्द म्हणाला असता तर पुढचं सगळं अवघड झालं असतं. प्रोफेसराच्या कपाळावरची शीर उठून आली.

“बाई, बहिरीचा नर आणि मादी ओळखण्यात माझी चूक? शेंबडं पोर ओळखेल! एक अंडं बाहेर, ही चुळबुळ. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर, दुर्बिणीशिवाय कळलं मला की नर आहे म्हणून!”

टपालवालीने हळूच दुर्बिणीवरचा डोळा काढला.

“पाऊल टाकल्याबरोबर,” बाई म्हणाल्या. “नऊला पाऊल टाकलंत तेव्हा कळलं असतं तर वहीत नर लिहिला असतात. तुमच्यासारखा माणूस दुसरं लिहूच शकत नाही. म्हणजे ओळी आधी लिहिल्या गेल्या आणि ते पाऊल नंतरचं, बाहेर जाऊन परत आल्यावरचं.”

बाईंनी हवालदाराला खूण केली. त्याने टेबलावर कापडाचं गाठोडं ठेवून सोडलं. बर्फाने कडक झालेला मोठा पक्षी, छाती पट्ट्यापट्ट्यांची. टपालवालीच्या तोंडून हुंदका फुटला.

“मादी मंगळवारी साडेसातला मेली. आठ वाजून दहा मिनिटांनी ती बर्फाच्या खोलीत होती. मुकादमाची साक्ष आहे, हजेरीचा ठसा आहे. नऊला कठड्यावर बसायला ती उरलीच नव्हती. नवख्या माणसाने आपलं ‘पक्षी बसलेला’ लिहिलं असतं आणि सुटला असता. तुम्हाला सव्वीस दिवसांची सवय होती आणि स्वतःवर विश्वास होता. नऊला येऊन तुम्ही खुर्चीत बसलातही नाही. दुर्बिणीकडे न बघता सगळं पान भरून टाकलंत आणि खाली उतरलात.”

“हा तर्क आहे,” प्रोफेसर म्हणाला.

“हा तर्क नाही.” बाईंनी फोनवरचा फोटो पुढे धरला. “मी इथे आले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. फोटोवर वेळ आहे, दहा शेहेचाळीस. ओळी मोजा. बारा आहेत. शेवटची दहा-पन्नासची. जी दहा मिनिटं अजून उजाडली नव्हती तीही तुम्ही लिहून ठेवली होती. मी तेव्हाच मोजल्या होत्या आणि मूर्खासारखी गप्प बसले.”

टपालवाली म्हणाली, “सर, तुम्ही मला म्हणालात आत्ताच बदली झाली.”

“बदली व्हायला मादी हवी ना गं,” बाई तिला म्हणाल्या. “परत आल्यावर त्यांना नर दिसला. वही शाईची, पानांना आकडे. खोडता येईना, फाडता येईना. मग एकच आशा राहिली, ती कुठूनतरी उडत यावी. म्हणून जो भेटेल त्याला विचारत होते, मादी दिसली का. मला वाटलं, काय हा माणूस, मित्र मेला तरी पक्ष्याचा ध्यास! खरं म्हणजे यांचा जीवच तिच्यात अडकला होता.”

“मी मास्तरांना का मारीन?”

“विणीच्या हंगामात मास्तर कुणाच्या सांगण्यावरून कोठारावर चढले असते? कबुतरवाल्याच्या? ते नियमाचे पक्के. नियम मोडायची परवानगी एकच माणूस देऊ शकत होता, ज्याने तो घातला. मागच्या जिन्याने चला, वरून पट्टीचा नंबर नीट दिसेल, मग सगळ्यांना सांगू. असंच ना? आठव्या टप्प्यावरची दोरी तुम्ही आधीच सोडून ठेवली होती.”

बाईंनी पक्ष्याचा थिजलेला पाय उचलला आणि टपालवालीला जवळ बोलावलं. “नंबर वाच.”

तिने वाचला. मग मागच्या फळीवरून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली, पान शोधलं आणि तशीच उभी राहिली.

“सर, हा नंबर वेगळा आहे,” ती म्हणाली. “ही ती नाहीच.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” बाई म्हणाल्या. “मास्तरांनी ती उघडायला एक दिवसाची सवलत दिली. तुम्ही तो दिवस असा वापरलात. कार्ड कुठाय?”

प्रोफेसराने चष्म्याची डबी काढून टेबलावर ठेवली. कार्ड तिच्या झाकणात होतं.

“फेकून का नाही दिलंत?”

“पंख उघडून उतरतानाचे फोटो आहेत,” तो म्हणाला. “असे कधी कुणाला मिळाले नव्हते.” मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाला, “पहिली पाच वर्षांपूर्वीच आली नाही. मी वाट पाहिली. दुसरी आली तेव्हा वाटलं, कुणाला काय फरक पडतो. लोक मला विचारायचे, तुमची राणी आली का. मी हो म्हणायचो.”

“आणि मास्तर?”

“मास्तर म्हणाले, दोन वेगळ्या संख्यांमध्ये बरोबरचं चिन्ह टाकता येत नाही.” त्याने डोळे मिटले. “तेवढंच म्हणत राहिले. जिना चढतानासुद्धा.”

हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

*

बाई थेट इस्पितळात गेल्या. म्हाताऱ्याच्या सुटकेचा कागद त्यांच्या हातात होता; वरिष्ठांची सही घ्यायला त्यांना सकाळचे दोन तास लागले होते. वॉर्डच्या बाहेर मुलगी बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर दोन उशा होत्या.

“साडेनऊला गेले,” ती म्हणाली.

बाई तिच्याशेजारी बसल्या. कागदाचं काय करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. पहाऱ्यावरचा शिपाई खुर्ची उचलून घेऊन गेला.

“खुनी सापडला,” बाई म्हणाल्या. “तुझ्या पक्ष्यामुळे सापडला. बाबांवर आता काही नाही. त्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.”

“ते शेवटपर्यंत मला तेच विचारत होते. पक्षी नीट ठेवलायस ना, कुणाला मिळायचा नाही ना. मी काल सांगितलंच नाही त्यांना, तुम्हाला दिला म्हणून. घाबरले असते.”

“तुझा जबाब लागेल,” बाई म्हणाल्या. “त्याशिवाय तो प्रोफेसर अडकत नाही. साडेसातला पक्षी पडला, तू उचललास, लपवलास, गुरुवारी आम्हाला दिलास. कोर्टात वाचून दाखवतील. आज नको, चार दिवसांनी ये.”

“आजच लिहा.”

बाईंनी बॅगेतून कागद काढले आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. मुलगी बाजूने वाचत होती. ‘लपवून ठेवला’ या शब्दांपाशी तिने बोट टेकवलं.

“मॅडम, मंगळवारीच दिला असता तर बाबा घरी असते का?”

बाईंनी पेन थांबवलं. नाही म्हणणं सोपं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्या इतक्या जणांशी इतकं खोटं बोलल्या होत्या, की त्यात आणखी एक कुठेही खपलं असतं.

“हो,” त्या म्हणाल्या. “आणि मी ती बारा ओळींची वही मंगळवारीच नीट वाचली असती, तरीही असते.”

मुलीने मान हलवली. बोट उचललं.

“लिहा तसंच,” ती म्हणाली आणि उशा बाजूला ठेवून सहीसाठी हात पुढे केला.